सूत्र, दृष्टान्त आणि एंटरची कळ

(स्मृतिव्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचे मुद्रित रूप)



ज्यांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते त्या सरांचे नाव मागच्या फलकावर आहेच. हयात असताना त्यांना स्वतःच्या नावाचा गजर खपत नसे, म्हणून मीही त्यांना नुसते 'सर' म्हणेन. तंत्रनिकेतनात सरांकडे आमचे प्रात्यक्षिकाचे तास असत. जर्नलमध्ये 'कृती' लिहून झाली की ते वही काढून घेत आणि दुसऱ्या तुकडीतल्या कुणाच्या तरी हातात देत. त्याने ती वाचून प्रयोग करायचा. ज्याने लिहिली त्याने शेजारी उभे राहायचे, तोंड मिटून. "अरे तसं नाही, वायर इकडून घे" एवढे जरी तोंडातून निघाले तरी गुण गेले. पहिल्या वर्षी माझे बरेच गुण असेच गेले. त्या वयात आम्हांला हा खाष्टपणा वाटायचा. पुढे सगळी नोकरी सॉफ्टवेअरच्या माहितीपुस्तिका लिहिण्यात गेली, तेव्हा लक्षात आले की या धंद्यातली निम्मी विद्या सरांनी त्या एका खोडीत शिकवून ठेवली होती.

आजचा विषय ऐकायला रुक्ष आहे: संगणकाला द्यायच्या आज्ञांची, म्हणजे कमांडची, माहिती स्पष्ट कशी लिहावी. सभागृहात संगणकाशी पोटापाण्याचा संबंध नसलेलेही बरेच जण दिसतात, म्हणून दोन शब्द आधी. फोनवर आपण चित्रावर बोट टेकवतो आणि काम होते. पण ज्या सर्व्हरवर तुमच्या बँकेचे किंवा इस्पितळाचे व्यवहार चालतात, तिथे आजही पुष्कळ काम एका साध्या काळ्या खिडकीत चालते. तिथे चित्रे नसतात. एक ओळ टाइप करायची, एंटर दाबायचे. यंत्र सहसा "नक्की का?" असे विचारत नाही. आपल्या घरच्या संगणकावर पुसलेली फाइल आधी कचरापेटीत जाते. काळ्या खिडकीत पुसली की गेली. म्हणून या ओळींची माहिती देणारे जे पान असते, त्यातल्या एकेका शब्दाला वजन असते. ते वजन किती, हे मला एका रात्री कळले.

एक तिरकी रेघ

मी तेव्हा एका कंपनीत होतो. कंपनीचे नाव सांगण्यात अर्थ नाही, हात माझाच होता. एका वेगळ्या डिस्कवर आमच्या नऊ प्रकल्पांचा बॅकअप असे. नऊ प्रकल्प, नऊ फोल्डर. त्यातल्या एकाची ताजी प्रत तिथे न्यायची होती. त्यासाठी 'आर-सिंक' नावाची कमांड वापरतात. ती १९९६ साली आली आणि आजही जगभर चालते, कारण ती हुशार आहे: सगळे पुन्हा उचलत नाही, जेवढे बदलले तेवढेच नेते. तिला 'डिलीट' असा पर्याय जोडला की मुळात नसलेले जे काही प्रतीत उरले असेल, ते ती पुसून टाकते. दोन्हीकडे तंतोतंत सारखे हवे असेल तर हे सोयीचेच.

मी कमांड लिहिली, फोल्डरच्या नावाची पहिली तीन अक्षरे टाइप केली आणि सवयीने टॅबची कळ दाबली. टॅब दाबले की यंत्र उरलेले नाव स्वतः पुरे करते. आणि ते नाव फोल्डरचे असेल तर पुढे एक तिरकी रेघ, म्हणजे स्लॅश, आपणहून लावते. ती रेघ मी पाहिली. त्या रेघेला अर्थ असतो हे मला ठाऊक नव्हते. एंटर मारले.

आर-सिंकमध्ये मूळ फोल्डरच्या नावापुढे रेघ नसेल तर 'हा फोल्डर उचलून तिकडे ठेव' असा अर्थ होतो. रेघ असेल तर 'या फोल्डरच्या पोटात जे आहे ते तिकडे ओत' असा होतो. मी नऊ फोल्डरच्या डिस्कवर एका फोल्डरचे पोट ओतले होते, आणि वर 'डिलीट' म्हटले होते. मुळाच्या पोटात बाकीचे आठ फोल्डर अर्थातच नव्हते. आज्ञाधारक यंत्राने ते आठही पुसले. स्क्रीनवर एक अक्षर उमटले नाही, कारण चूक झालीच नव्हती. सांगितले ते झाले होते.

दोन दिवस आणि एक रात्र घालवून जुन्या टेपांवरून आम्ही बहुतेक सगळे परत आणले. तिसऱ्या दिवशी मी आर-सिंकची अधिकृत माहिती उघडली. रेघेचा नियम तिथे लिहिलेला होता. अचूक, सरळ शब्दांत, उदाहरणासह. पण 'डिलीट'ची माहिती वेगळ्या ठिकाणी होती, रेघेची वेगळ्या ठिकाणी, आणि दोघे एकत्र आले तर काय होईल हे ज्याचे त्याने मनात जुळवायचे होते. रात्री अकरा वाजता माणूस काही जुळवत बसत नाही. माहिती खरी होती, पुरी होती, तरी मला उपयोगी पडली नाही. माहिती खरी असणे आणि ती स्पष्ट असणे यांत जेवढे अंतर आहे, तेवढ्यापुरतेच मला आज बोलायचे आहे.

शेजारच्या टेबलावरचा वाचक

ही पाने जशी आहेत तशी का झाली? त्यासाठी अमेरिकेत, बेल लॅब्समध्ये जावे लागेल. तिथे केन थॉम्प्सन आणि डेनिस रिची यांनी युनिक्स ही प्रणाली घडवली. तिच्या मार्गदर्शिकेच्या पहिल्या आवृत्तीवर ३ नोव्हेंबर १९७१ ही तारीख आहे. दर कमांडला एक पान आणि दर पानाला ठरलेले मथळे: नाव, रूपरेषा, वर्णन, संबंधित फायली, हेही पाहा, चुकांचे संदेश, दोष आणि मालक. आज युनिक्सच्याच वळणावर बेतलेल्या लिनक्सच्या कुठल्याही यंत्रावर 'मॅन' लिहून पुढे कमांडचे नाव दिले तर जे पान उघडते, त्याचा सांगाडा अजून जवळपास हाच आहे. अर्ध्या शतकात संगणकाचे सारे काही बदलले, पण पानाचा हा आराखडा टिकून आहे.

त्यातले दोन मथळे मला फार आवडतात. एक 'दोष'. आपल्या वस्तूत काय खोट आहे ते बनवणाऱ्यानेच तिच्या पानावर छापायचे. कुठला दुकानदार असे करील? दुसरा 'मालक'. ही कमांड कोणाची, अडलात तर कोणाला धरायचे, ते पानावरच. पहिली आवृत्ती ज्यांच्यासाठी होती ते वाचक शेजारच्या टेबलावर किंवा फार तर त्याच वाड्यात होते. पान कळले नाही तर उठून विचारता येत होते.

पाने त्रोटक होण्याचे दुसरे कारण यंत्राचे. त्या काळच्या टेलिटाइप यंत्रांपैकी प्रसिद्ध मॉडेल ३३ सेकंदाला दहा अक्षरे कागदावर छापत असे. खडखडाट करीत एकेक अक्षर उमटायचे. अशा यंत्रावर लांब नाव कोण ठेवील? म्हणून कॉपीचे 'सीपी' झाले, मूव्हचे 'एमव्ही', रिमूव्हचे 'आरएम'. युनिक्स पुन्हा लिहायला मिळाले तर काय बदलाल, असे कुणी थॉम्प्सन यांना विचारले, तेव्हा 'क्रिएट' या नावातले गाळलेले शेवटचे 'ई' परत लावीन असे ते म्हणाल्याची गोष्ट आमच्या धंद्यात सगळ्यांना पाठ आहे.

आणि एक गंमत. युनिक्सचे बेल लॅब्समधले, पण घडवणाऱ्या मंडळींबाहेरचे पहिले गिऱ्हाईक कोण? पेटंट विभाग. पेटंटचे अर्ज टाइप करणारे टंकलेखक. म्हणजे 'ही साधने तज्ज्ञांसाठीच असतात' हे सुरुवातीच्या काळापासूनच खरे नव्हते.

आजचा वाचक तर नागपुरात किंवा नैरोबीत आहे. रात्रीचे दोन वाजलेत, सर्व्हर बसलाय, वरिष्ठ फोनवर आहेत. शेजारी विचारायला कोणी नाही. लिहिणारा मात्र अजून शेजारच्या टेबलासाठी लिहितो आहे.

केसोबासांचे काम

हे त्रोटक लिहिणे आपल्याला नवे नाही. आपल्याकडे त्याला सूत्र म्हणतात. पाणिनीच्या व्याकरणात अर्धी मात्रा वाचली तरी आनंद मानायची रीत होती. पण आपल्या परंपरेने सूत्राला कधी एकटे सोडले नाही. सूत्रावर वृत्ती आली, भाष्य आले. सूत्र पाठ करायला, भाष्य समजायला.

मराठीत याहून जवळचा नमुना आहे: महानुभावांचा 'दृष्टान्तपाठ'. तेराव्या शतकातला हा ग्रंथ केसोबासांनी सिद्ध केला. त्याची रचना पाहा. आधी चक्रधरस्वामींचे सूत्र येते. मग त्यांनी सांगितलेला दृष्टान्त, रोजच्या जगण्यातली एखादी छोटी गोष्ट. आणि तिसरा भाग दार्ष्टान्तिक: गोष्टीतले काय सूत्रातल्या कशाला लागू होते, याची उकल. सूत्र आणि दृष्टान्त स्वामींचे, दार्ष्टान्तिक केसोबासांचे. नुसती गोष्ट सांगून सोडली तर ऐकणारा तिचा भलताच अर्थ घेईल, हे त्यांना कळत होते.

कमांडच्या पानाला नेमक्या याच तीन गोष्टी लागतात. युनिक्सच्या पहिल्या आवृत्तीच्या ठरीव मथळ्यांत 'उदाहरणे' हा मथळा नव्हता. तो पुढे आला. पण दार्ष्टान्तिक अजूनही क्वचितच दिसते. उदाहरण देतात आणि पुढे जातात. चालवल्यावर नेमके काय बदलले ते सांगत नाहीत.

माझ्या रेघेचेच घ्या. मी ते पान असे लिहीन. सूत्र: आर-सिंक, पर्याय, कुठून, कुठे. पहिला दृष्टान्त: मूळ 'काम', पुढे रेघ नाही, जायचे ठिकाण 'साठा'. उकल: साठ्यात 'काम' नावाचा फोल्डर होतो, 'डिलीट' लावले तरी साठ्यातल्या बाकीच्या फोल्डरना हात लागत नाही. दुसरा दृष्टान्त: मूळ 'काम', पुढे रेघ. उकल: कामातल्या फायली थेट साठ्यात पडतात, 'डिलीट' लावले तर आर-सिंक साठ्यातले बाकी सगळे पुसते. आणि लगेच तिसरी ओळ: टॅब दाबल्यावर ही रेघ आपोआप लागते, एंटरपूर्वी ती बघा. यात नवी माहिती फक्त टॅबची. बाकी सगळे मूळ पानांत होतेच, विखुरलेले. केसोबासांनीही सूत्र किंवा दृष्टान्त नवा रचला नव्हता. जे होते ते एकमेकांशेजारी आणून ठेवले आणि उकल तेवढी जोडली होती.

विभक्ती हरवलेली भाषा

आता जरा व्याकरण. 'रामाने रावणाला मारले.' शब्द कसेही फिरवा, 'रावणाला मारले रामाने', मारणारा राम तो रामच. ही ताकद प्रत्ययांची. 'ने' आणि 'ला' आपापले काम चोख करतात. आता प्रत्यय काढा: 'राम रावण मार'. कोणी कोणाला?

कमांडची भाषा ही अशी प्रत्यय गळलेली भाषा आहे. 'सीपी' लिहून पुढे दोन नावे. कशातून कशात, हे केवळ क्रमावर. 'टार' या कमांडने अनेक फायलींचे एक गाठोडे बांधतात. तिथे गाठोड्याचे नाव आधी आणि आत घालायच्या फायली नंतर. हा क्रम उलटा झाला, की जी फाइल जपायची तिच्याच जागी ती गाठोडे बांधायला घेते आणि मूळ मजकूर जातो. 'डीडी' ही जुनी कमांड त्यातल्या त्यात प्रामाणिक: तिथे नाव द्यायचे तर 'आय-एफ बरोबर' किंवा 'ओ-एफ बरोबर' असे, आत की बाहेर, लिहावेच लागते. ते तिचे विभक्तिप्रत्ययच म्हणा ना. पण तीही विचारत नाही. ओ-एफपुढे चुकीची डिस्क लिहिली की तिच्यावरचा मजकूर गेला.

कमांडमध्ये प्रत्यय नाहीत, तेव्हा ते पुरवण्याची जबाबदारी पानावर येते. तिथेही गडबड होते. 'एलएन' कमांडचे उदाहरण देण्यासारखे आहे. एका फाइलकडे बोट दाखवणारे दुसरे नाव, म्हणजे दुवा, तयार करणे हे तिचे काम. दोन नावे द्यायची: जी फाइल आधीपासून आहे ती, आणि जो दुवा नव्याने करायचा तो. जीएनयूची माहिती, जी बहुतेक लिनक्सवर असते, ती आधीच्या फाइलला 'टार्गेट' म्हणते. पॉझिक्स हे जे प्रमाणक आहे, त्यात आधीची फाइल 'सोर्स' आणि नव्याने करायचा दुवा 'टार्गेट'. म्हणजे एकच शब्द, दोन पुस्तकांत, नेमक्या उलट्या वस्तूंना. दोन्हीकडे तर्क आहे. दुवा ज्याच्याकडे बोट दाखवतो ते लक्ष्य, असे एकाचे म्हणणे. कमांड जे घडवायला निघाली ते लक्ष्य, असे दुसऱ्याचे. मध्ये वाचक अडकतो. वर्षानुवर्षे काम केलेली माणसे दर वेळी 'एलएन'चा क्रम पुन्हा शोधताना मी पाहिली आहेत. ती विसराळू नाहीत. त्यांना धरून ठेवायला शब्दच मिळालेला नाही. 'आधीची फाइल' आणि 'नवा दुवा' एवढे म्हटले असते तर भागले असते.

शब्दांचा असा घोळ टळावा म्हणून विमानांच्या देखभाल पुस्तिकांसाठी युरोपातल्या विमान उद्योगाने १९८०च्या दशकात इंग्रजीला लगाम घातला. शब्दांची ठरावीक यादी, आणि एका शब्दाचा एकच अर्थ. 'क्लोज' म्हणजे फक्त बंद करणे. 'जवळ' म्हणायचे तर दुसरा शब्द. कृती सांगणारे वाक्य जास्तीत जास्त २० शब्दांचे. मेकॅनिकची मातृभाषा इंग्रजी असेलच असे नाही आणि चाकाखाली हात त्याचा आहे, एवढे साधे कारण. सर्व्हरपुढे बसलेल्याचाही हात तसाच असतो.

अंगारकीचा घोटाळा

काही नियम पानावर स्पष्ट लिहिलेले असतात, तरी माणूस फसतो. कारण ते रोजच्या भाषेच्या उलट चालतात. 'क्रॉन' ही यंत्रणा ठरलेल्या वेळी कामे आपोआप करते. तिला महिन्याची तारीख सांगता येते, वारही सांगता येतो. दोन्ही सांगितले तर? आपण म्हणू, दोन्ही जुळेल त्याच दिवशी. क्रॉन म्हणते, दोहोंपैकी काहीही जुळले तरी चालेल. समजा तिला तिथी कळत असती आणि आपण 'चतुर्थी' आणि 'मंगळवार' असे दोन्ही लिहून दिले असते, तर आपल्याला हवी असते अंगारकी. तिने आपल्याला दर मंगळवारी आणि दर चतुर्थीला उपास घडवला असता.

'फाइंड'चेही तसेच. 'सात दिवसांपेक्षा जुन्या फायली' म्हणून अधिक सात असे लिहिले, की ती आधी फाइलचे वय पुऱ्या चोवीस तासांच्या दिवसांत मोजते आणि वरचे तास टाकून देते. सात दिवस आणि पाच तास जुनी फाइल तिच्या हिशेबाने सातच दिवसांची. सातापेक्षा जुनी नाही. प्रत्यक्षात आठ दिवस पुरे झालेली फाइलच सापडते. हे पानावर आहे, उदाहरणासह आहे. पण बहुतेकांचे डोळे 'अधिक सात' पाहतात आणि पुढे सरकतात, कारण आपल्याला ते कळले अशी त्यांची खात्री असते.

इथे लिहिणाऱ्याने ओळखायचे असते की वाचक कुठे थांबणार नाही. तो जिथे अडखळतो तिथे निदान विचारतो. जिथे न अडखळता चुकीचा अर्थ घेऊन पुढे जातो, ती जागा धोक्याची. तिथे नियमाच्या आधीच सांगायला हवे: तुम्हांला असे वाटेल, तसे नाही. आणि धोक्याची सूचना आज्ञेच्या आधी यायला हवी. 'घाट सुरू' हा फलक घाट उतरल्यावर लावत नाहीत.

दोष पानाचा की वस्तूचा?

बेल लॅब्समध्ये मार्गदर्शिकेचा आग्रह धरणारे होते डग मॅकिलरॉय. त्यांनी पुढे सांगितलेली एक आठवण मला फार मोलाची वाटते. मार्गदर्शिकेची नवी आवृत्ती निघायची म्हटले की विभागात एकदम धावपळ उडे. कारण कमांडचे वेडेवाकडे वागणे कागदावर उतरवायला बसले की लिहिणाऱ्यालाच लाज वाटे: हे छापायचे कसे? मग तो पान अर्धे सोडून कमांडच दुरुस्त करायला जाई.

हे ध्यानात ठेवा. एखाद्या कमांडचे स्पष्टीकरण कितीही वेळा लिहिले तरी गुंता सुटत नसेल, तर बहुधा कमांडमध्येच गुंता असतो. प्रोग्राममधल्या बदलांची नोंद ठेवणारे 'गिट' हे साधन २००५ साली लिनस टॉरव्हाल्ड्स यांनी सुरू केले. त्यातली 'चेकआउट' ही कमांड एका शाखेवरून दुसरीवर जाणे आणि फाइलमधले न साठवलेले बदल टाकून देणे, ही दोन्ही कामे करत असे. एक निरुपद्रवी, दुसरे परत न मिळणारे. तिचे पान कितीही सुधारले तरी नवशिके फसतच राहिले. शेवटी ऑगस्ट २०१९ मध्ये, आवृत्ती २.२३ मध्ये, तिच्या दोन कामांसाठी 'स्विच' आणि 'रिस्टोअर' अशा दोन वेगळ्या कमांड आल्या. जुनी कमांड राहिलीच, पण आता दोन वेगळी पाने लिहिता येतात, आणि प्रत्येकाच्या पहिल्या ओळीत एकच क्रियापद पुरते.

म्हणून कंपन्यांत दस्तऐवज लिहिणाऱ्याला सगळे तयार झाल्यावर बोलावतात, त्याला माझा विरोध आहे. लग्नात आचाऱ्याला पंगत बसल्यावर बोलावत नाहीत. ज्याला सांगायचे आहे तो घडवताना शेजारी असला, तर निम्म्या सूचना लिहाव्याच लागत नाहीत.

वाचक वाचत नाही, करून पाहतो

१९८०च्या दशकात आयबीएममध्ये जॉन कॅरल यांनी संगणक शिकणाऱ्या माणसांचे बारकाईने निरीक्षण केले. त्यांचे 'द न्यूर्नबर्ग फनेल' हे पुस्तक १९९० चे. नाव त्या जुन्या कल्पनेवरून, की डोक्याला नरसाळे लावून ज्ञान ओतता येते. त्यांना दिसले ते उलटे: शिकणारा पुस्तिका बाजूला ठेवतो, हात घालतो, चुकतो, मग अडलेले तेवढेच शोधतो. तेव्हा पुस्तिका बारीक हवी, कामापासून सुरू व्हायला हवी, आणि चुकल्यावर परत कसे यायचे ते तिच्यात हवे.

२०१३ मध्ये सुरू झालेला 'टीएलडीआर' हा सामूहिक उपक्रम याच वाटेवरचा. दर कमांडला एक छोटे पान, उदाहरणे जास्तीत जास्त आठ. उदाहरणाच्या वर एका ओळीत 'हे कर' असे क्रियापद. मी रोज वापरतो. तरी एक सांगायला हवे: तिथे दृष्टान्त आहेत, सूत्र नाही. नेहमीच्या कामाला पुरते. पण रात्री अकराच्या रेघेला मूळ पान लागतेच. हल्ली तर बरेच जण पानच उघडत नाहीत, बोलणाऱ्या यंत्राला विचारतात. ते यंत्रही याच पानांवर पोसलेले आहे. पानात जो शब्द संदिग्ध, तो तिथूनही संदिग्धच यायचा, फक्त जास्त आत्मविश्वासाने.

आणि मराठीत?

भाषा संचालनालय १९६० पासून आपल्याकडे आहे, परिभाषाकोश आहेत. तरी कमांडची माहिती मराठीत लिहायला बसले की पहिली अडचण शब्दांची येत नाही. फाइलला 'संचिका' म्हणावे की 'धारिका' यावर दुपार घालवता येते. मी 'फाइल' लिहितो, कारण कार्यालयातला शिपाईही फाइलच म्हणतो. खरी अडचण वाक्याची आहे. आपली लिहिण्याची मराठी शासकीय परिपत्रकांवर वाढली आहे. 'सदर पर्याय निवडण्यात यावा.' 'फाइल हटवली जाईल.' कोण हटवणार? मी, की यंत्र? कमांडच्या पानावर हा प्रश्न जीवनमरणाचा असतो. 'हटवली जाईल' वाचून एखादा समजेल की नंतर मीच हटवायची आहे, आणि तोवर यंत्राने हटवलेली असेल.

मी दोनच नियम पाळतो. वाचकाने जे करायचे ते 'करा' असे लिहायचे: 'टाइप करा', 'तपासा', 'एंटर दाबा'. यंत्र जे करते त्याला कर्ता द्यायचा: 'आर-सिंक ही फाइल पुसते.' मराठी क्रियापद कर्त्याला लपवायला फार सोय करून देते. ती सोय कवितेत वापरावी, कमांडच्या पानावर वापरू नये.

सरांची परीक्षा

शेवटी, इतके ऐकल्यावर घरी नेण्यासारखे काय? आर-सिंकला 'एन' असा एक पर्याय आहे. तो लावला की ती काहीच करत नाही. सोबत 'व्ही' हा पर्यायही दिला, तर काय केले असते एवढे सांगते. त्या रात्री ते दोन्ही लावले असते तर पुसायच्या फायलींची यादी माझ्या डोळ्यांपुढून गेली असती. प्रत्येक पानाने जिथे शक्य असेल तिथे अशी रंगीत तालीम आधी सांगावी, खरा प्रयोग नंतर.

पण लिहिणाऱ्याची स्वतःची रंगीत तालीम कोणती? तीच, सरांची. तुमच्यातले जे सॉफ्टवेअर लिहितात, त्यांना माझी विनंती आहे. या आठवड्यात तुमच्या एका कमांडचे एक पान घ्या. ती कधीही न वापरलेल्या सहकाऱ्याला खुर्चीत बसवा आणि फक्त ते पान त्याच्यापुढे ठेवा. तुम्ही मागे उभे राहा, हातात पेन्सिल घेऊन, तोंड मिटून. तो जिथे थांबेल तिथे खूण करा. तो न थांबता जिथे चुकेल तिथे दोन खुणा करा. तो चुकला म्हणून त्याला बोलू नका. सर तुमचे गुण कापतील. संध्याकाळी त्या खुणांच्या जागची वाक्ये बदला, आणि दुसऱ्या दिवशी ते पान दुसऱ्या कुणाला तरी द्या.